अक्षतांच्या ताटात पाकळ्या

मोगऱ्याचा वास आला की मला आधी भीती वाटते आणि मग कळतं की हा मोगरा आहे. हा क्रम लहानपणी ठरला आणि अजून बदललेला नाही. एखाद्या कार्यात शेजारच्या बाईच्या केसांतला गजरा जवळ आला की माझी मान दाराकडे वळते, कोणी येतंय का ते बघायला. पुढे माझी सगळी नोकरी वर्तमानपत्रात गेली. तिथे शिकवलं होतं की जे पाहिलं ते लिहावं, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहावं, आणि जे वाटलं ते शक्यतो लिहू नये. या प्रकरणात तिसरा नियम मला पाळता येणार नाही, कारण त्या वर्षांत आमच्या घरात जे घडत होतं त्यातलं बरंचसं नुसतं वाटण्यातच घडत होतं.

बसवकल्याणला आमचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत फुलं राहायची, आतल्या खोलीत आम्ही. माझी माय लग्नाचे मांडव फुलांनी सजवायची. साधे झेंडूचे नाही, दक्षिणेकडच्या पद्धतीचे. केळीचे खांब, त्यांवर आडवी बांधलेली नारळाची झावळी, चार कोपऱ्यांना सुपारीचे तुरे, वर शेवंतीच्या सरांची जाळी, नवरानवरीच्या मधे धरायचा फुलांचा पडदा, आणि नवरीची जडा. जडा म्हणजे वेणीवर मानेपासून कमरेच्या खालपर्यंत बसवायची फुलांची पट्टी. केळीच्या खोडाच्या ओल्या सालीवर मोगऱ्याच्या कळ्या सुईदोऱ्याने एकेक टाचायच्या, मोठ्या वर, लहान खाली, आणि मधे अबोलीची नागमोडी ओळ. हे काम माय हैदराबादेत शिकली. लग्न झाल्यावर काही वर्षं अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे बांधकामावर होते. शेजारी एक तेलुगू बाई जडा करायची, तिने मायला हाताशी धरलं. आम्ही कोण ते त्या बाईला माहीत होतं आणि तिने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, असं माय सांगायची. हे ती एखाद्या आश्चर्यासारखं सांगायची.

आम्ही बौद्ध. मूळचे भालकी तालुक्यातल्या मेहकरचे. फुलांची गिऱ्हाइकं सगळी हिंदू घरांतली, त्यातही मोठ्या घरांतली. त्यांना आमच्याविषयी माहीत नव्हतं.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या त्या माणसाची, ज्यांचं नाव आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तसबिरींच्या वर दोन खिळे होते. गिऱ्हाईक यायचं असलं की माय त्या खिळ्यांवर आडवी काठी ठेवायची आणि तिच्यावरून ओला पंचा सोडायची. पंच्यावर गुंफलेल्या माळा. आलेल्या माणसाला वाटायचं, फुलं गार राहावीत म्हणून असं केलंय. ते खरंही होतं. पंच्याचं पाणी तसबिरींच्या चौकटीवर ठिबकायचं आणि काचेच्या खालच्या कडेने आत मुरायचं. त्या दोन्ही तसबिरी आज माझ्या घरी आहेत. दोन्हींच्या तळाला बोटभर उंचीचा पिवळट डाग आहे.

हातात फुलांचं काम असलं की घरात बोंबील भाजायचा नाही, हा मायचा नियम होता. कळ्यांना वास लागतो, असं ती अण्णांना सांगायची. अण्णा हुमनाबादला एका कारखान्यात होते. रात्रपाळीहून सकाळी येताना ते फाट्यावर हैदराबादच्या बसमधून उतरलेलं फुलांचं ओलं गोणपाट खांद्यावर टाकून आणायचे. भाकरीसमोर बसून ते म्हणायचे, "कळ्यांला वास लागतंय का लोकांच्या नाकाला?" माय त्यांच्या ताटात शेंगांची चटणी जरा जास्त वाढायची. लग्नसराईत आमच्या भाकरीलाही मोगऱ्याचा वास यायचा. कढणात एखादी कळी सापडायची. अण्णा ती चिमटीत धरून म्हणायचे, "बघा, आज आपल्याकडं शाही जेवण हाय." आम्ही हसायचो. पण बाहेर चपलांचा आवाज झाला की हसणं मधेच थांबायचं.

माझं नाव यशोधरा. हे नाव मला मेहकरच्या मास्तरांनी ठेवलं. ते मायच्या गावच्या शाळेत शिक्षक होते, मायला त्यांनीच अक्षरओळख करून दिली. या भागात यशोधरा म्हटलं की घर कुठलं ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून कामावर मी मल्ली. मल्लिगे म्हणजे कन्नडमध्ये मोगरा, त्यावरून. पहिल्यांदा मायने मला परक्या मांडवात "मल्ली" म्हणून हाक मारली तेव्हा मी वळलेच नाही. तिने दंडाला चिमटा काढला. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

लोक मायला अक्का म्हणायचे. "अक्का, तुमी हूगार का?" असं कोणी ना कोणी विचारायचंच. हूगार म्हणजे देवाला फुलं पुरवणारे, आमच्याकडे ती जातच आहे. मायचं उत्तर ठरलेलं होतं: "फुलांचं काम करताव." या उत्तरात खोटं काही नव्हतं. ते तिने किती विचार करून बनवलं असेल ते मला नोकरीत गेल्यावर कळलं, जेव्हा खटल्यात अडकवणार नाही असं वाक्य बनवायला आम्हाला बसवायचे.

भीती कशाची होती, ते सांगायला हवं. मारहाणीची नव्हती, निदान माझी नव्हती. मी दहा-अकरा वर्षांची असताना तेलंगणाच्या बाजूच्या एका गावात माय मांडव सजवत होती, मी सोबत होते. दुपारी त्या घरातल्या एका बाईला कुणीतरी येऊन काहीतरी सांगितलं. कुणी ओरडलं नाही. थोड्या वेळाने दोन माणसं आली, त्यांनी देवाच्या फोटोंना घातलेल्या मायच्या माळा काठीने उचलून काढल्या आणि जनावरांच्या दावणीत टाकल्या. मांडवातली फुलं तशीच ठेवली, कारण मुहूर्त जवळ होता. त्यांच्यावर एका म्हाताऱ्याने पाणी शिंपडलं. म्हशीने एक माळ खाल्ली. माय खाली बसून सुई डबीत ठेवत होती आणि सुई डबीत जात नव्हती. त्या दिवसापासून मला आवाज चढलेल्या माणसाची भीती वाटत नाही. हळू बोलणाऱ्याची वाटते.

आता त्या हुमनाबादच्या लग्नाकडे येते.

मायला कामं आणून द्यायचे गुरप्पा. ते स्वतः हूगार. मांडव उभारणं, बांबू, दोर, टेंपो हे त्यांचं, फुलं आमची. आमच्याबद्दल गुरप्पांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. ते आमच्या घरी यायचे, उंबऱ्याच्या आत बसायचे, पण "आत्ताच कोपऱ्यावर चा झाला अक्का" हे वाक्य त्यांनी एकदाही चुकवलं नाही. हुमनाबादचं काम त्यांनी आणलं तेव्हा ते उभ्यानेच बोलले. "घर मोठं हाय. हायवेला कापडाची दुकानं हायेत त्यांची. मूळचे तेलुगू. सगळं त्यांच्या पद्धतीनं पाहिजे म्हणतेत, जडा, पडदा, काय बी सोडायचं न्हाई. हे नीट झालं तर अक्का, भालकीपासून उमरग्यापर्यंत दुसऱ्या कुणाला कुणी बोलावणार न्हाई. आणि बिघडलं तर," ते थांबले आणि पंच्याकडे बघून म्हणाले, "तर मला बी कुणी बोलावणार न्हाई."

तोवर माझं वय सतरा झालं होतं आणि जडेत माझा हात मायपेक्षा बारीक पडायला लागला होता. हे तीच म्हणायची. या लग्नाचा सगळा मांडव मी आखला. अंगणात खडूने चौकोन काढला, खांबांच्या जागी चार विटा ठेवल्या आणि कुठली माळ कुठून कुठे जाईल ते दोऱ्याने धरून बघितलं. फुलांच्या पडद्यात वरून खाली पांढरा, मग फिका पिवळा, मग गडद पिवळा आणि तळाला लाल गुलाब असे रंग उतरत आणायचं माझ्या डोक्यातून निघालं. माय चार वेळा चौकोनाभोवती फिरली. "बघणाऱ्याला वाटंल सूर्य मावळायलाय," ती म्हणाली. मला वाटलं नावडलं. मग म्हणाली, "कर." ही तिची सर्वांत मोठी तारीफ होती.

लग्नाच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत टेंपोने हुमनाबादला पोचलो. मांडव त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत होता, हायवेवरच्या लॉऱ्यांचे हॉर्न सतत येत होते. नवरीची आत्या आम्हाला सामोरी आली. जाड, हसरी, कमरेला किल्ल्या. घरात तेलुगू, नोकरांशी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दखनी उर्दू बोलणारी. खांब लागले, झावळ्या आल्या, ऊन चढायच्या आत वरची जाळी पूर्ण झाली. आत्याबाई कमरेवर हात ठेवून वर बघत राहिल्या. "अक्का, तुमच्या हाताला देव हाय," त्या मायला म्हणाल्या. माय खाली बघून दोरा चावत होती. असं कोणी म्हटलं की ती नेहमी खाली बघायची.

पाहुणे यायला लागले, तशी मी खांबाजवळ सरकले. प्रत्येक लग्नात हे व्हायचं. काम चालू असेपर्यंत आम्ही फक्त हात असायचो. खुर्च्या भरल्या की आम्हाला चेहरे यायचे. मी गर्दीत ओळखीचं कोणी शोधायची, ओळखीचं कोणी नसावं म्हणून. आणि त्या दिवशी दुसऱ्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, मांडीवर टोपी ठेवून मेहकरचे मास्तर बसलेले दिसले.

ते नंतर हुमनाबादच्या शाळेत मुख्याध्यापक झाले होते, हे मला माहीत होतं. नवरीला आणि तिच्या भावांना त्यांनी शिकवलं होतं, हे माहीत नव्हतं. मास्तर आमच्यातलेच, हे सगळ्या हुमनाबादला ठाऊक होतं, त्यांनी ते कधी झाकलं नव्हतं. त्यांना मानाने बोलावलेलं होतं आणि जेवायला कुठे बसवायचं तेही आधी ठरलेलं असणार. माय नवरीच्या खोलीत जडा बसवत होती. तिला सांगायला जावं तर मांडव सोडता येत नव्हता. मास्तर प्रेमळ माणूस. आम्हाला बघून ते उठतील, हात जोडून दोन शब्दांत आपला नमस्कार करतील, "यशोधरा, केवढी झालीस!" म्हणतील, आणि संपलं. त्या क्षणी मला जगात त्या भल्या माणसाइतकी कुणाचीच भीती वाटत नव्हती. मी खांबाआड उभी राहिले.

तेवढ्यात आत्याबाई आल्या आणि स्टीलची पाच मोठी ताटं माझ्यासमोर ठेवली. "मल्ली, ही भरून ठिव गं, मुहूर्ताला वाटायची हायेत," म्हणाल्या आणि किल्ल्या वाजवत गेल्या.

मी ताटं भरली. पडद्याचं काम झाल्यावर टोपलीत गुलाब आणि शेवंती उरली होती, ती खुडून पाकळ्या केल्या आणि पाची ताटांत सारख्या पसरल्या. मला एकदाही थांबावंसं वाटलं नाही. आमच्या लग्नांत तांदूळ टाकत नाहीत. अन्न पायाखाली येऊ नये म्हणून फुलांच्या पाकळ्या टाकतात, आणि पाकळ्या खुडणं हे आम्हा मुलींचं काम. कळायला लागल्यापासून प्रत्येक लग्नात मी हेच केलं होतं. परक्यांच्या मांडवांत आमचं काम मुहूर्ताआधी संपायचं आणि आम्ही मागे जायचो. ताटं भरायला आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. हळद लावलेले तांदूळ आत स्वयंपाकघरात एका परातीत झाकून ठेवले होते. आत्याबाईंना ते ताटांत भरून हवे होते. डोळे मास्तरांवर होते आणि हात आपल्या घरच्यासारखे चालले.

घरातल्या पोरींनी ताटं उचलली, पाहुण्यांत वाटली. नवरी आली. जडा सुंदर बसली होती, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पडदा गुरप्पांनी एका बाजूने आणि दुसऱ्या एका माणसाने दुसऱ्या बाजूने धरला. माय मांडवाच्या पायरीशी आली. भटजींनी आवाज चढवला. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या नवरीच्या काकांनी आपली मूठ उघडून बघितली.

"हे काय? अक्षता कुठायत?"

"वाटल्या की, ह्याच त्या," मागून एकजण.

"ह्या पाकळ्या हायेत."

"नवरीचा बाप तांदूळ राखून ठिवायलाय वाटतं संध्याकाळच्या पंगतीला," कुणीतरी म्हणालं आणि दोन रांगा हसल्या. मला वाटलं हसण्यावर जाईल. तेवढ्यात सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेला एक माणूस, अगदी हळू, शेजारच्याला सांगावं तसं बोलला. "असं तर त्यांच्यात असतंय."

"कुणाच्यात?"

"त्यांच्यात हो. जयभीमवाल्यात. तांदूळ न्हाई टाकत ते. पाकळ्या टाकतेत."

हसणं थांबलं. काका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. "ताटं कुणी भरली?"

"मल्लीनं," ताट घेतलेली पोरगी म्हणाली. "फुलवाल्या अक्काची."

मी मायकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती पडद्याच्या तळाच्या लाल गुलाबांकडे बघत होती आणि तिच्या उजव्या हाताची बोटं चिमटीत होती, सुई धरल्यासारखी, सुई नसताना. पडदा हलला. गुरप्पांचे हात खाली आले होते, ते त्यांनी परत वर नेले. मला दावण दिसली, म्हैस दिसली.

काकांनी रांगेवर नजर फिरवली आणि ती दुसऱ्या रांगेत थांबली. "मास्तर, तुमीच सांगा. तुमच्यात असंच असतंय न?"

सगळे मास्तरांकडे वळले. मास्तरांच्या ओंजळीत पाकळ्या होत्या. ते आधी त्यांच्याकडे, मग मांडवाच्या पायरीकडे, जिला त्यांनी अक्षरं शिकवली त्या बाईकडे, आणि मग खांबाआड माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्या मांडवात त्यांनी आम्हाला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.  हायवेवर एक लॉरी हॉर्न वाजवत गेली.

"आमच्यात?" मास्तर म्हणाले. "न्हाई बा. आमच्यात कुठलं एवढं. हे हैदराबादचं दिसतंय. मोठ्या लग्नांत बघितलंय मी तिथं."

"व्हय," माय म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "हैदराबादला आता हेच चालतंय. मला वाटलं तुमाला बी आवडंल."

चष्मेवाला काही बोलणार होता. मास्तरांनी हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मल्ली, बाळ, मला अजून थोड्या दे गं. खाली सांडल्या माझ्या."

त्यांनीच ठेवलेलं नाव त्यांनी घेतलं नाही. पोरीच्या तोंडून त्यांनी एकदाच ऐकलं होतं, मल्ली. मी ताट घेऊन गेले. त्यांच्या ओंजळीतलं काहीही सांडलेलं नव्हतं.

नवरीची आजी तेलुगूत काहीतरी खेकसली. आत्याबाई धावत आत गेल्या आणि परात घेऊन आल्या. तांदूळही वाटले गेले. पडदा खाली झाला, आणि नवरानवरीच्या डोक्यावर दोन्ही पडलं, पिवळे तांदूळ आणि लाल पाकळ्या. फोटोवाला म्हणाला, असा फोटो त्याने आजवर काढला नाही. आत्याबाई येऊन मायला म्हणाल्या, "आधी सांगायचं की अक्का, हैदराबादी हाय म्हणून. जीव गेला माझा."

परतताना टेंपोत आम्ही दोघी रिकाम्या टोपल्यांजवळ बसलो होतो. गुरप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी होते. बसवकल्याणचा फाटा आला तेव्हा ते मागे न बघता बोलले, "पुढच्या टायमाला ताटं मी भरताव." 

घरी आल्यावर मायने मला मारलं नाही. तिने पाय धुतले, चूल पेटवली आणि चुलीकडे बघत विचारलं, "कामून केलीस गं?"

"आपल्यात तेच असतंय न."

"आपल्यात," ती म्हणाली. तिने एक काटकी आत सरकवली. "मास्तरला आज म्हणावं लागलं, आमच्यात असं न्हाई. माझ्यापायी. आणि मी व्हय म्हटलं."

 सुटलो याचा आनंद आमच्या घरात त्या दिवशी कुणालाच झाला नाही. अण्णांनी सगळं ऐकलं आणि न जेवता पाळीला गेले.

पुढचे कित्येक आठवडे दार वाजलं की आम्ही एकमेकींकडे बघायचो. दार वाजत होतं, पण ते कामं घेऊन येणाऱ्यांचं. आणि येणारा प्रत्येकजण सांगत होता, "अक्का, त्या हैदराबादी पाकळ्या बी पाहिजेत बरं का, हुमनाबादला केल्या तशा." एका उन्हाळ्यात ती पद्धत भालकीला गेली, पुढच्या उन्हाळ्यात उमरग्याला. आता तर मोठ्या लग्नांत यंत्राने पाकळ्या उडवतात, आणि मांडवातली निम्मी फुलं कापडाची असतात. आपल्या घरची रीत दुसऱ्याच्या नावाने गावभर फिरताना बघणं कसं असतं, ते मी बातमीत कधी लिहू शकले नसते. माय ताटं भरायची. विचारलं की म्हणायची, "हैदराबादचं हाय." प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा बारीक व्हायचा.

मास्तर एकदाच आले, एका रविवारी दुपारी. त्या दिवशी गिऱ्हाईक येऊन गेलं होतं आणि पंचा भिंतीवर तसाच होता. माय उठून उभी राहिली. मास्तरांनी पाणी मागितलं, प्यायले, मग भिंतीजवळ गेले. पंचा बाजूला केला. खिशातला रुमाल काढून दोन्ही काचा पुसल्या. मला वाटलं आता ते पंचा काढून टाकतील. त्यांनी तो होता तसा परत सोडला, सुरकुती सरळ केली.

"पाणी मुरायलंय आत," ते म्हणाले. "कागद खराब होईल."

"मास्तर," माय म्हणाली, "माझ्यापायी तुमाला खोटं बोलावं लागलं."

"खोटं बोलला म्हणून किती पोरांच्या हातावर छड्या मारल्यात मी," मास्तर म्हणाले आणि आपला तळहात उघडून बघितला. "आता माझ्या हातावर कोण मारणार?" ते हसले. माय हसली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी मास्तर वारले. मेहकरला गर्दी होती. माय गेली नाही, हुमनाबादची माणसं येतील म्हणून.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सोलापूरच्या एका दैनिकात लागले होते. पत्रिका छापून आल्या. वरच्या बाजूला त्याच दोन तसबिरी, खाली माझं पूर्ण नाव. सगळ्या वाटून झाल्यावर मायने एक पत्रिका बाजूला काढली आणि म्हणाली, "चल, हुमनाबादला जायचंय." मी म्हणाले, त्यांना कशाला. अण्णा म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं? काम जाईल सगळं." माय लुगडं बदलत होती.

 बसमध्ये पत्रिका तिने पदराखाली छातीशी धरली होती. त्या घराच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली, आणि मी तिचा हात धरला. आत्याबाई आणखी जाड झाल्या होत्या, किल्ल्या त्याच. "अक्का! मल्लीचं लग्न?" म्हणत त्यांनी पत्रिका घेतली. वरचं चित्र बघितलं. नाव वाचलं. परत वर बघितलं. सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक पायरी उतरत गेलं, ते मला स्पष्ट दिसत होतं.

"म्हणजे त्या दिवशीच्या पाकळ्या," त्या म्हणाल्या.

"हैदराबादच्या न्हाईत," माय म्हणाली. "आमच्यातल्या हायेत. पहिल्यापासून." या वेळी तिचा आवाज बारीक झाला नाही.

"मास्तरांना ठाऊक होतं?"

"मास्तरांनीच तुमच्या घरचं लग्न पार पाडलं, आत्याबाई."

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आत कुकरची शिटी झाली. त्या "येते" म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्हाला कळलं नाही की आमच्या लग्नाला येते म्हणाल्या की आतून येते म्हणाल्या. आम्ही थोडा वेळ पायरीवर थांबलो. मग निघालो.

लग्नाला त्या आल्या. एकट्या, शेवटच्या रांगेत. त्यांच्या ओंजळीत पाकळ्या होत्या, तेवढं मी मंचावरून पाहिलं. त्या टाकल्या की नाही, ते मला माहीत नाही. मी नवरी होते आणि समोर बघायचं होतं.

त्या लग्नसराईत हुमनाबादहून बोलावणं आलं नाही. भालकीहूनही आलं नाही. गुरप्पा एकदा दारावरून गेले, सायकलवरून हात केला, थांबले नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही, आणि मला ते पडताळता आलं नाही, म्हणून लिहीत नाही. मी माहेरी गेले तेव्हा भिंतीवर तसबिरी उघड्या होत्या, वरच्या खिळ्यांच्या जागी दोन भोकं होती आणि घरात बोंबील भाजलेला वास होता. माय मागच्या दारी पंचा धूत होती.

"माय, भीती वाटली का गं तवा, पत्रिका देताना?" मी विचारलं.

"अजून वाटायलीय," ती म्हणाली. तिने पंचा घट्ट पिळला, झटकला आणि रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर उन्हात वाळत घातला.